जनीनं सुई घेतली त्या दिवशी

सखाला वाचता येतं ते एसटीच्या पाटीपुरतं. पण आपल्या कपाचा डाग त्याला ओळखता येतो. नातीच्या वहीच्या पानावर कोपऱ्यात चहाचं गोल कडं उमटलं होतं, आणि ते गेल्या सोमवारी त्यानंच कप टेकवल्यामुळे उमटलं होतं. आज मंगळवार. म्हणजे आठ दिवस झाले, आणि आरोही अजून त्याच पानाचा फोटो काढत होती.

"काय गं, रोज तेच पान?"

"तेच नाय, आजोबा." आरोहीनं मोबाइल डोळ्यापुढून हलवला नाही. "तारीख बदलते मी."

खरंच बदलत होती. खोडून खोडून तारखेच्या जागी कागद इतका विरला होता की मागच्या पानावरचं गणित दिसत होतं.

"अन सर काय बोलतात?"

"अंगठा पाठवतात."

सखाला हसू आलं. पोर हुशार आहे, एवढं तरी कळलं. बाप खालापूरच्या कंपनीतून चारला येणार, मग मोबाइल हिच्या हातात येणार, मग ही ओटीवर बसून दोन मिनिटांत शाळा उरकणार आणि उरलेल्या चार्जिंगमध्ये गाणी बघणार. चौथीत असताना शाळा बंद झाली होती. पाचवी कुठून आली न् कुठे गेली ते घरात कुणाला कळलं नाही. आता सहावी चालू होती, म्हणजे वहीवर तसं लिहिलं होतं.

"जरा वाचून दाखव बघू," तो म्हणाला.

आरोहीनं पुस्तक आणलं. बोट ठेवून वाचायला लागली. नदी, डोंगर, पाऊस सरळ गेलं. 'वृक्ष' आला तशी थांबली. ओठ हलवून बघितले, मान तिरकी करून बघितली, मग पुस्तक मिटलं.

"ह्ये सर सांगतील, शाळा उघडल्यावर."

सखानं मिटलेलं पुस्तक उचलून फळीवर ठेवलं. तिची आजी जनी, हिला एक अक्षर येत नव्हतं. पण खैरोली गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत लग्न असलं की जनीला बोलावणं यायचं, कारण ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या घरात हळदीपासून वर-वधू घरात येईपर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, म्हणावे लागतात. भटजी उशिरा आला तर कुणी रागावत नाही, धवलारीण आली नाही तर हळदीची वाटी कुणी उचलत नाही. रात्रभर पुरतील एवढे धवले जनीच्या डोक्यात होते. ते तिच्याबरोबर गेले. आता नातीला ना धवले येणार ना जोडाक्षरं, असा हिशोब सखाच्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा बसला, आणि मग काही केल्या तिथून हलेना.

दुसऱ्या दिवशी प्रवीण सर कागद घेऊन आले. सर मूळचे जामखेडकडचे, सहा वर्षं खैरोलीच्या शाळेवर होते. चालायचे भराभर आणि बोलायचे त्याहून भराभर.

"काका, सोमवारी चार तारखेला शाळा उघडायची आहे. पाचवी ते सातवी. आम्हा शिक्षकांच्या कोरोनाच्या दोन्ही सुया झाल्या आहेत. आता फक्त पालकांची संमती पाहिजे. योगेंद्रची सही लागेल."

योगेंद्र म्हणजे सखाचा मुलगा, आरोहीचा बाप.

"किती जणांनी केली?"

"एकतीसपैकी सहा."

"अन आमची पोर रोज एकच पान पाठवते त्ये माहीत हाय तुमाला?"

सरांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "माहीत आहे की. सगळेच तसं करतात. सातवीतल्या एकानं तर भावाच्या वहीचा फोटो पाठवला, भाऊ मागच्या वर्षी दहावी झाला. मी अंगठा नाही पाठवला तर पोरं ग्रुप सोडून जातील, म्हणून पाठवतो."

"मग पंचवीस जण सही का देत नाय?"

हे विचारायची गरज नव्हती, पण विचारून झालं. सर जमिनीकडे बघायला लागले. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

ते असं होतं. आया म्हणत, पोर शाळेतून रोग घेऊन येईल आणि घरातलं म्हातारं माणूस जाईल. सर म्हणत, म्हाताऱ्यांना सुई द्या, मग भीती कमी होईल. म्हातारे म्हणत, सुई नको. का नको? तर जनीनं घेतली होती. एप्रिलमध्ये चौक गावच्या सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घेतली आणि मेमध्ये पनवेलच्या दवाखान्यात गेली. तिला घरी आणताही आलं नाही. याच्यापुढे सरांकडे बोलायला काही उरत नसे. शाळेचं कुलूप सखाच्या बायकोच्या नावानं लागलेलं होतं.

आणि त्याची किल्ली सखाकडे होती. पाच महिने होती. ती त्यानं कुणाला दाखवली नव्हती.

झालं होतं ते असं. जनीच्या बहिणीची मुलगी हर्षला गावची आशा वर्कर. तिनंच मावशीला तयार केलं. "मावशी, तू लग्नाघरी बायकांच्या मधी बसतेस, तुला आधी घ्यायला पायजे," असं म्हणून तिनं दोघांना, जनीला आणि सखाला, रिक्षात घालून चौकला नेलं. दुपारी बाराला सुया झाल्या. नर्सबाईनं सांगितलं, "लगेच काम होत नाही हं आजी. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि दुसरी घेतल्यावर खरी येते. तोवर गर्दीत जायचं नाही." जनीनं मान हलवली. सखानंही हलवली, पण त्याचं लक्ष बाहेरच्या वडापावच्या गाडीकडे होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी गजाच्या मुलाची हळद होती. परवानगी पंचवीस माणसांची होती आणि पत्रावळी तीनशे आणल्या होत्या. जनीचं अंग दुखत होतं. ती म्हणाली, "आज नको, दुसरी कुणी धवलारीण बघायला सांगा." तेव्हा सखा म्हणाला होता, "आता सुई घेतलीस नं? आता कशाला घाबरतेस? गजाला काय तोंड दाखवू मी?" आणि स्वतः तिची साडी काढून दिली होती. हिरवी.

सहाव्या दिवशी ताप आला. मांडवातल्या आणखी तिघी आजारी पडल्या, त्या बऱ्या झाल्या. जनी झाली नाही. तेरा दिवस कुणी कुणाकडे जाण्यासारखे नव्हतेच. नंतर लोक भेटायला आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "सुईनंच घात केला रं सखा." सखा गप्प बसला. तो नाही म्हणाला नाही. गप्प बसायला काही कष्ट पडत नाहीत, म्हणून माणूस बसतो. मग एक महिना झाला, दोन झाले, आणि आता बोलायचं तर आधी का नाही बोललास हेही सांगावं लागणार होतं.

त्या बुधवारी दुपारी सर गेले आणि हर्षला आली. सखाकडे नाही, शेजारी बायजाकडे. शनिवारी शाळेत सुया द्यायचं ठरलं होतं, त्याची नावं घेत ती फिरत होती. हर्षला वेशीवर दिसली की खैरोलीतले म्हातारे शेताला लागायचे. एरवी ज्यांचे गुडघे दुखतात ते बांधावरून उड्या मारत जायचे. नामा म्हातारा आदल्या वेळी माळ्यावर लपून बसला होता. त्याला खोकला आला म्हणून सापडला, आणि सापडल्यावर म्हणाला की मी कोंबडी शोधतोय.

बायजा मात्र पळणाऱ्यातली नव्हती. सत्तरीची बाई, दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"नाव लिहू का, आजी?" हर्षलानं लांबूनच विचारलं.

"माझं नाव कशाला लिहितेस? सख्ख्या मावशीचं लिवलं होतंस, तिचं काय केलंस?"

"आजी, असं नका बोलू."

"मंग कसं बोलू गं? गाणं म्हणून बोलू? म्हणणारी होती ती पोचवलीस तू."

सखा आपल्या अंगणात म्हशीचं दावं सोडत होता. त्याच्या हातातच दावं राहिलं. हर्षलानं एकदा त्याच्याकडे बघितलं. काही मागितलं नाही, बघितलं फक्त. मग वहीत फुली मारली आणि पुढच्या घरी गेली. पुढच्या घराचं दार आतून लागल्याचा आवाज सखाला ऐकू आला. म्हशीनं वाट बघून त्याला ढुसणी दिली.

संध्याकाळी तो पाच शिराळी पिशवीत घालून हर्षलाच्या घरी गेला. वाटेत तीन वेळा वाक्य जुळवलं.

"या काका. काय काम काढलंत?"

"शिराळी हायत."

"बरं."

"कोवळी हायत."

"बरं, काका. बसा."

"नाय, म्हस सोडून आलोय," असं म्हणून सखा घरी परत आला. म्हैस गोठ्यात बांधलेली होती. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

गुरुवारी पाच वाजता शाळेच्या पडवीत सभा भरली. सरपंच छायाताई मधोमध खुर्चीवर, बाजूला प्रवीण सर, खाली सतरंजीवर माणसं. दीड वर्षं बंद असलेल्या वर्गातून उंदरांचा वास येत होता. मागे मोटारसायकलीला टेकून योगेंद्र उभा होता, कंपनीतून थेट आला होता. आई गेल्यापासून तो हर्षलाला दारात उभं करत नव्हता. समोर आली तर वाट बदलायचा.

पहिली हरकत नामानं घेतली. "चार तारखेला पितरं चालू हायत. पितरपाठात नवीन काय सुरू करतात काय?"

"नवीन कुठं? शाळा जुनीच हाय," छायाताई म्हणाल्या.

"तरी पण. सरकारला पितर नसतात काय?"

"असतात रं, पण सरकार त्यांना विचारून कागद काढत नाय. बस खाली."

हशा झाला. मग गजा उठला. गजा म्हणजे गावातला बोलका माणूस, टेंपोचा मालक. त्यानं सरांकडे बोट केलं. "सर, तुमी दोन सुया घेतल्या, खरं?"

"खरं."

"तरी ऑगस्टमधी तुमाला झाला, खरं?"

"खरं."

"मंग सुईचा उपयोग काय?"

"गजाभाऊ, तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी मी पोरांचा तास घेतला. आज उभा राहून तुमच्याशी भांडतोय. हाच उपयोग."

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी तो सरांच्या बाजूचा होता. दोन बायांनी एकमेकींकडे बघितलं. छायाताईंना वाटलं, गाडी सरकली. त्यांनी संमतीचे कागद हातात घेतले. तेवढ्यात बायजा बसल्या जागेवरून म्हणाली, "अन जनी?"

गाडी होती तिथे थांबली.

सगळे सखाकडे वळले. अशा वेळी लोक किती मायेनं बघतात हे त्याला पाच महिन्यांत पाठ झालं होतं. छायाताई हळू आवाजात म्हणाल्या, "सखाभाऊ, तुमच्या घरचं दुःख हाय. तुमी नाय बोललात तरी चालंल."

चाललं असतंच. पाच महिने चालत होतंच. सखाची नजर गेली पडवीच्या टोकाला. तिथे हर्षला खांबाजवळ एकटी बसली होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसांची जागा रिकामी होती. सतरंजीवर दाटीवाटी होती, लोक मांडीला मांडी लावून बसले होते, आणि तिच्या बाजूला मात्र रोगाचे सगळे नियम पाळले जात होते.

सखा उठला.

"जनीनं सुई घेतली दुपारी बारा वाजता," तो म्हणाला. आवाज मोठा निघाला, त्याचा त्यालाच. "चौकला. नर्सबाईनं सांगितलं, दोन-तीन आठवडे गर्दीत जायचं नाय, सुई लगेच लागू होत नाय. मी ऐकलं. नीट ऐकलं नाय, पण कानावर आलं. अन त्याच दिवशी सात वाजता मी तिला हळदीला नेली. ती नको बोलत होती. मी नेली."

"ए सखा," गजा उभा राहिला, "माझ्या मांडवाचं नाव घ्यायचं नाय हां. तिथं तीनशे माणूस जेवून गेला."

"तुझा मांडव नाय रं, गजा. माझी अक्कल. तू पण बस खाली."

गजा बसला नाही, पण बोललाही नाही.

"आता मला सांगा," सखा पुढे म्हणाला. बोलायला लागल्यावर त्याला शेतातलंच सुचलं, दुसरं त्याला काही येत नव्हतं. "राबावर भात पेरतो आपण. दुसऱ्या दिवशी रोपं उपटून लावणी करतो काय? एकवीस दिवस थांबतो. दुसऱ्या दिवशी उपटलं तर हातात काय येईल? अन मंग बियाणं खोटं निघालं म्हणून कृषी केंद्रवाल्याच्या अंगावर जायचं काय? मी त्येच केलं. सुईला सात तास दिले. ताप सहाव्या दिवशी आला, तवा सुईनं काय करायचं होतं? हर्षलानं माझ्या बायकोला मारली नाय. हर्षला तिला वाचवायला घेऊन गेली होती."

मग बायजानं पदर सारखा केला.

"अन आजपातूर तोंड शिवलं होतं काय रं तुझं?"

"होय."

"पाच महिने त्या पोरीला मी काय काय बोलले, तू माझ्या शेजारी उभा राहून ऐकत होतास."

"होय."

"मेल्या," बायजा म्हणाली. पुढे काही न सुचल्यामुळे आणखी एकदा म्हणाली, "मेल्या."

मागे मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. सखानं वळून बघितलं तोवर योगेंद्र वळणापलीकडे गेला होता. आणि खांबापाशी बघितलं तर हर्षलाही तिथे नव्हती.

हर्षला आपल्या घराच्या मागच्या दारी भांडी घासत होती. सखा आला तरी तिनं मान वर केली नाही. राख फार जोरात घासली जात होती.

"हर्षला."

"आज काय आणलंत? काकड्या?"

"नाय. तसाच आलोय."

"माझ्या पोरीचा वाढदिवस झाला जूनमधी. एक पोर आलं नाय. केक आमी तिघांनी तीन दिवस खाल्ला." तिनं पातेलं पालथं घातलं. "मला वाटायचं, काकांना खरंच तसं वाटतंय. बायको गेलीय, माणूस कुणावर तरी राग धरणारच. म्हणून मी गप्प. अन तुमाला सगळं माहीत होतं."

"चुकलं माझं."

"त्ये सभेत बोललात. मला नका सांगू परत." ती उठली, पदराला हात पुसले. "सतरा घरं राहिलीत. उद्या सकाळी आठला मी निघणार. तुमी माझ्यासंगं यायचं. दर दारात उभं राहायचं अन आज बोललात त्येच बोलायचं."

"अगं, सगळ्यांनी ऐकलं की आता."

"म्हातारे आले होते काय सगळे सभेला? अर्धे शेतात होते. अन सभेत ऐकलेलं सभेतच राहतं. दारात येऊन सांगितलेलं घरात जातं. अन आणखी एक. जुलैपासून तुमची दुसरी सुई राहिलीय. शनिवारी पहिला नंबर तुमचा."

"येतो."

"अन उद्या पहिलं घर तुमचंच. तुमच्या घरात एक हाय, ज्यानं एक पण घेतली नाय."

योगेंद्र त्या संध्याकाळी बापाशी बोलला नाही. सुनेनं दोघांना वेगवेगळं वाढलं. आरोहीनं एकदा बापाकडे, एकदा आजोबाकडे बघितलं आणि आजचा फोटो पाठवायचा राहिला हे कुणाला सांगितलं नाही. सकाळी योगेंद्र कामावरही गेला नाही. ओटीवर बसून मोटारसायकलची साखळी पुसत राहिला. पुसून झाल्यावर परत पुसायला घेतली.

आठला हर्षला अंगणात येऊन उभी राहिली. वही, पिशवी, तोंडाला मास्क. पायरीपर्यंत आली नाही. पाच महिन्यांची सवय होती.

योगेंद्रनं तिच्याकडे बघितलं. साखळी सोडली. हाताला ऑइल लागलेलं, ते कुठे पुसावं कळेना.

"वर ये नं," तो म्हणाला. मग घरात तोंड करून, "अगं, हर्षूला पाणी दे."

हर्षू असं तिला लहानपणी सगळे म्हणत. ती वर आली, ओटीच्या कडेला बसली. पाणी प्यायली. मग सखाकडे वळली.

"सांगा, काका."

"ह्याला? ह्यानं ऐकलं काल."

"काल लोकांनी ऐकलं. ह्याला सांगा."

सखानं घसा खाकरला. सभेत शंभर माणसांपुढे आला होता तो आवाज इथे येईना. तरी त्यानं बारा वाजल्यापासून सुरुवात केली. रिक्षा, सुई, नर्सबाई. वडापावची गाडीही सांगितली, ती काल राहिली होती. साडीचं सांगितलं. "ती बोलली, अंग दुखतंय. मी बोललो, घाबरतेस कशाला." इथे तो थांबला. पुढचं योगेंद्रला ठाऊकच होतं.

योगेंद्र खाली बघत होता. त्या संध्याकाळी तो पाळीवर होता, हळदीला नव्हता. सखाला वाटलं, आता हा उठून जाईल. किंवा काही बोलेल, आणि जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, एवढं त्यानं मनाशी ठरवलं.

"मी हिला दारात उभी केली नाय, बाबा," योगेंद्र म्हणाला. "तुमी बघत होतात."

"होय."

"त्ये मी इसरणार नाय."

"नको इसरू."

आतून सून बाहेर येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे आरोही.

"आवाज कसा लागला होता तिचा?" योगेंद्रनं विचारलं.

सखाला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला.

"पहिले दोन बसल्या आवाजात म्हटले. अंग दुखत होतं नं. मग लागला. असा लागला की बँजोवाले आपण होऊन थांबले. गजाची आई रडली. मी तिकडं मटणाच्या पंगतीत होतो, मला तिथं ऐकू येत होतं."

योगेंद्रनं मान हलवली. मनगटानं नाक पुसलं, त्यामुळे गालाला ऑइल लागलं. मग हर्षलाला विचारलं, "उद्या किती वाजता?"

"दहाला."

"लिव माझं नाव."

हर्षलानं लिहिलं. आरोही आत गेली आणि आरशामागे खोचलेला संमतीचा कागद घेऊन आली. पेन तिनं आधीच आणलं होतं. योगेंद्रनं ऑइलच्या हातानं सही केली आणि कागदावर सहीच्या बाजूला अंगठाही उमटला. सरांना हल्ली अंगठ्यांची सवय होती.

सोमवारी शाळा उघडली तेव्हा एकतीसपैकी एकोणीस पोरं आली. बारा आली नाहीत, त्यातली चार दिवाळीनंतर आली. गजाच्या घरी कुणी सुई घेतली नाही आणि तो सखाशी अजून बोलत नाही. नामानं घेतली, आणि गावभर दंड दाखवत फिरला. पण त्या शुक्रवारी सकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या वेळी फक्त सोळा घरं बाकी होती.

"चला काका," हर्षला उठली. "बायजाआजीचं घर."

"ती कुत्रा सोडंल माझ्यावर."

"सोडू दे. म्हणून तर तुमाला आणलंय. तुमी व्हा पुढं."

सखानं चपला घातल्या आणि पुढे झाला.